शाईच्या एकशे सत्त्याऐंशी चुका

गणिताच्या बाईंना एकोणीस वर्षं एकच गोष्ट छळत होती: फळ्यावरचा त्रिकोण हलत नाही.

पाया तोच आणि उंची तीच असेल, तर त्रिकोण कितीही कलला तरी क्षेत्रफळ बदलत नाही. हे वाक्य आठवीची मुलं पोपटासारखी म्हणायची आणि परीक्षेत विसरायची. बाई एकाच पायावर चार त्रिकोण काढायच्या, खोडायच्या, पुन्हा काढायच्या. कोपरापर्यंत खडू लागायचा. "आता समजा हे टोक मी असं सरकवत नेलं..." म्हणून त्या हवेत हात फिरवायच्या, आणि सगळा वर्ग त्रिकोण सोडून त्यांच्या हाताकडे बघत राहायचा.

एका रविवारी धाकटा भाऊ जेवायला आला होता. तो बाईंपेक्षा चौदा वर्षांनी लहान. घरात सगळे त्याला बच्चू म्हणत. तिशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. वडील लवकर गेले, आई कारखान्यात पाळीवर जायची, त्यामुळे बच्चूला कडेवर घेऊन फिरवणं, बोट धरून शाळेत सोडणं आणि पुढे त्याची गणितं सोडवून घेणं, सगळं बाईंनीच केलं होतं. आता तो कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचा.

भांडी पुसता पुसता बाईंनी त्या त्रिकोणाचं रडगाणं गायलं. बच्चूनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासानं म्हणाला, "ये. हात पूस आणि हे टोक ओढ."

बाईंनी माऊस धरला आणि ओढलं. त्रिकोण कलला, आणखी कलला, लांबत लांबत सुईसारखा बारीक झाला, पण खालचा क्षेत्रफळाचा आकडा जागचा हलेना. हे प्रमेय त्यांना शाळकरी वयापासून पाठ होतं. तरी त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"परत कर," त्या म्हणाल्या.

"तूच कर ना. म्हणून तर केलंय."

पुढची दोन वर्षं दर रविवारी हेच चाललं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर बाई काय हलायला हवं ते काढायच्या, आणि बच्चू ते हलवून दाखवायचा. वर्तुळाच्या फाका सुटून एकीशेजारी एक उलटसुलट बसायच्या. जितक्या जास्त फाका, तितका तो आकार आयताजवळ जायचा. चाकावरचा एक ठिपका गोल गोल फिरायचा आणि शेजारी त्याच्या उंचीची लाट उमटत जायची. अर्धवर्तुळावरचं टोक कुठंही न्या, कोन हट्टानं काटकोनच राहायचा. अशी तेवीस चित्रं झाली.

भांडणंही झाली. बच्चूला बरोबर उत्तराला तारे उडवायचे होते, चुकलं की ‘टुंग’ असा आवाज हवा होता.

"तारे नकोत नि टुंगही नको," बाई म्हणाल्या. "तारे दिसले की मुलं ताऱ्यांमागे धावतात, आणि टुंग ऐकलं की हात आखडतो. मग बघायचं राहूनच जातं."

"ताई, तुझ्यासारखं गिऱ्हाईक वैऱ्यालाही मिळू नये," बच्चू म्हणाला, पण तारे त्यानं काढून टाकले.

शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चित्रं बसवली त्या दिवशी बच्चू मुद्दाम आला होता. सगळी मशीन नीट चालतात का ते बघायला तो शेवटच्या बाकावर बसला. बाई दारातच उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "इथला नियम एकच. या खोलीत चूक कुणाला दिसत नाही. मला दिसत नाही, शेजारच्याला नाही, ऑफिसातल्या मोठ्या बाईंना नाही. ओढा, मोडा, वेडंवाकडं करा. माऊस सोडला की पुसलं गेलं."

मुलांनी माना वळवून मागे बसलेल्या पाहुण्याकडे पाहिलं. बच्चूनं हसून मान डोलावली.

त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे शाई म्हणत. तिचं पेन कायम गळायचं आणि बोटं निळी असायची. गणितात तिची दर वर्षी दांडी गुल. वहीत लिहिताना ती डाव्या हाताचं कुंपण घालून बसायची, म्हणजे चुकलेलं कुणाला दिसू नये. बाईंनी तपासायला वही मागितली तरी ते कुंपण उठायला वेळ लागायचा.

कॉम्प्युटरच्या खोलीत मात्र ते उठलं. एके दिवशी त्रिकोणाचंच चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: क्षेत्रफळ दुप्पट करा. टोक ज्या रेषेवर सरकतं ती रेषाच वर उचलायची, ही त्यातली मेख. पाच-दहा मिनिटांत बहुतेकांना ती सापडली. शाई तास संपत आला तरी टोकच ओढत होती. डावीकडे नेऊन सोडायची, उजवीकडे नेऊन सोडायची, पार कडेला नेऊन सोडायची.

बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "काय चाललंय?"

"बघतेय, कधी फसतो का."

"कोण गं?"

"हा आकडा. म्हणतो, मी बदलणार नाही. म्हणून मी त्याला सगळीकडे नेऊन बघतेय."

बाई बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि खिडकीचा गज धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. एकवीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्यानं त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं. रविवारी त्यांनी बच्चूला हे दोनदा सांगितलं. तोही मन लावून ऐकत होता. "काय नाव म्हणालीस तिचं?" त्यानं विचारलं. बाईंनी कौतुकानं सांगितलं.

त्याच सुमाराला, सहा महिने बेकार बसल्यावर, बच्चूला नवी नोकरी लागली होती. शाळांसाठी कॉम्प्युटरवरचे धडे बनवणारी कंपनी होती ती. तो म्हणाला, "तुमच्या शाळेची मशीन म्हातारी झालीत. आपली चित्रं कंपनीच्या मशीनवर ठेवू, तिथून तुमच्या खोलीत दिसतील. फुकट. तू फक्त इथं सही कर."

नऊ पानं होती. गॅसवर दूध उतू जायच्या बेतात होतं.

"वाचून देते उद्या."

"अगं, वाचायचं काय त्यात? माझ्यावर विश्वास नाही का?"

बाईंनी एका हातानं गॅस बारीक केला आणि दुसऱ्या हातानं सही केली.

सहामाही परीक्षेच्या आधी एका सकाळी सूचनाफलकावर यादी लागली. आठवीचे गणितासाठी दोन गट पडले होते, ‘पुढचा गट’ आणि ‘पायाभूत गट’. यादी कुणी केली ते बाईंना ठाऊक नव्हतं. पायाभूत गटात सर्वांत खाली शाईचं नाव होतं. बाई तशाच मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या.

मुख्याध्यापिकांना शाळेत मोठ्या बाई म्हणत. त्या वाईट नव्हत्या, कामानं पिचलेल्या होत्या. टेबलावर फायलींची चळत, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा.

"या, या," त्या म्हणाल्या. "तुमचंच अभिनंदन करायचं होतं. काय सुंदर सोय करून ठेवलीत हो!" आणि त्यांनी स्क्रीन बाईंकडे वळवला.

तक्ता होता. एकेका मुलाचं नाव, तारीख, लागलेला वेळ, बरोबर, चूक. शेवटच्या ओळीत शाई. बरोबर: शून्य. चुका: एकशे सत्त्याऐंशी. पुढे लाल अक्षरांत शिफारस: पायाभूत गट.

बाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? तुमच्या चित्रांतून. मूल माऊस कुठं नेतं, कुठं सोडतं, सगळं लिहिलं जातं ना त्यात." मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "तुमचा भाऊच येऊन समजावून गेला की. गेल्या गुरुवारी. फार गुणी मुलगा. म्हणाला, मुलं कुठं अडतात ते कळायला हवं, ही ताईचीच इच्छा."

गुरुवारी तिसऱ्या तासाला बाई पलीकडच्याच वर्गात शिकवत होत्या. मधे एक भिंत. बच्चू इथं बसून चहा पिऊन गेला होता आणि त्यानं बहिणीच्या वर्गात डोकावूनही पाहिलं नव्हतं.

"या चुका नाहीत," बाई कशाबशा म्हणाल्या. "ती तपासून बघत होती."

"एकशे सत्त्याऐंशी वेळा?"

"हो. एकशे सत्त्याऐंशी वेळा."

 मोठ्या बाई नरमाईनं म्हणाल्या, "अहो, तुमचा जीव असतो मुलांवर, मला कळतं. पण पालकांना चुकांच्या आकड्यांसकट पत्रं गेलीत. आता एका मुलीसाठी यादी फिरवली, तर उद्या चाळीस पालक इथं येऊन बसतील. काहीतरी लेखी पुरावा आणा, मी बघते."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात शिरल्या तेव्हा कुणी नमस्तेही म्हटलं नाही. एरवी ‘नमस्ते बाई’चा गलका व्हायचा. शाईनं वहीभोवती कुंपण घातलं होतं, आणि वही तर बंदच होती.

वर्गाची मॉनिटर उभी राहिली. सरळ बोलणारी मुलगी. "बाई, तुम्ही म्हणाला होतात, कुणाला दिसत नाही."

"म्हणाले होते."

"मग मोठ्या बाईंना कसं दिसलं?"

"लिहून ठेवलं जात होतं. मला ते माहीत नव्हतं."

"पण चित्रं तुमचीच ना?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं, यंत्रात बिघाड झाला म्हणून. त्या म्हणाल्या, "माझीच. आणि कागदावर सहीही माझीच आहे. उदाहरण दोनदा वाचा, असं तुम्हाला रोज सांगते, आणि मी तो कागद एकदाही वाचला नाही. तुमच्याशी मी खोटं बोलले असं झालं. माझं चुकलं."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. काही मुलांना ते पटलं, काहींना नाही. "बाईंचा सख्खा भाऊ आहे तो, आणि यांना माहीत नाही म्हणे," असं एक कुजबुजणं त्यांनी स्पष्ट ऐकलं. शाईनं मान वर केली नाही.

शाळा सुटल्यावर बाई घरी न जाता थेट बच्चूच्या ऑफिसात गेल्या. तिथं पाहुण्यांसाठी एक गुबगुबीत कोच होता आणि समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा स्क्रीन. त्यावर त्यांचा त्रिकोण चालला होता. कुणी ओढत नव्हतं. तो आपला आपणच डावीकडे कलायचा, उजवीकडे कलायचा. खाली कंपनीचं नाव आणि वर उडणारे तारे.

बच्चू बाहेर आला. बहिणीचा चेहरा पाहून त्यानं तिला चहाच्या मशीनपाशी, जरा आडोशाला नेलं.

"ताई, मी सांगणारच होतो."

"कधीपासून लिहून ठेवतोयस?"

"ते कंपनीच्या..."

"कधीपासून, बच्चू?"

त्यानं कागदी पेला उगाच फिरवला. "पहिल्यापासून. कंपनीच्या आधीपासून. अगं, माझ्यासाठीच ठेवत होतो. कुठं अडतात ते कळलं तर चित्र सुधारता येतं. तूच म्हणायचीस ना, मुलं कुठं अडतात ते दिसलं पाहिजे?"

"मला दिसलं पाहिजे म्हणायचे. त्यांच्या शेजारी उभं राहून." बाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "पहिल्या दिवशी तू मागे बसला होतास. मी मुलांना काय सांगितलं, ऐकलंस?"

"ऐकलं."

"तेव्हाही लिहिलं जात होतं?"

"हो."

"आणि तू मान डोलावलीस."

"भर वर्गात मी काय बोलणार होतो, ताई? तुला तोंडघशी पाडायचं होतं का?"

"त्यानंतर ज्या डझनभर रविवारी तू माझ्याकडे जेवलास, त्यातल्या एखाद्या रविवारी तरी?"

 बच्चू एकदम चिडून म्हणाला, "चित्रं कुणीही काढतं, ताई. अशी चित्रं शंभर जणांकडे आहेत. मुलं ती कशी ओढतात, कुठं चुकतात, हे कुणाकडे नसतं. ते माझ्याकडे होतं म्हणून मला इथं घेतलं. सहा महिने घरी बसलो होतो मी, विसरलीस का?"

बाई विसरल्या नव्हत्या. ते सहा महिने तो त्यांच्याच घरी बसला होता.

"पुसून टाक ते," त्या म्हणाल्या.

"माझ्या हातात नाही आता. सातव्या पानावर आहे बघ, सगळा हक्क कंपनीचा."

बाईंनी खांद्यावरची पिशवी नीट केली. केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार त्यांनी मराठीच्या पेपरात कधीतरी वाक्यात वापरून दाखवला होता. त्या वेळी त्याला किती गुण मिळाले असतील कोण जाणे, असं काहीतरी वेडगळ त्यांच्या मनात आलं. मग त्या जिना उतरून रस्त्याला लागल्या.

रविवारी बच्चू आला, पण जेवायला नाही. दारातच उभा राहिला. हातात पेन ड्राइव्ह होता.

"यात त्या मुलीचा तो एक तास आहे. आकडे नाहीत, तिचा हात जसा फिरला तसंच चित्र पुन्हा चालतं. आधी ती लांब लांब उड्या मारते, मग आकडा बदलत नाही म्हटल्यावर बारीक बारीक पावलं टाकते. शेवटी पार कडेला जाऊन थांबते. अगं, बघशील तर वेडी होशील. मोठ्या बाईंना दाखव, दोन मिनिटांत यादी फिरवतील."

"तू पाहिलंस?"

"म्हणजे काय? पाहिल्याशिवाय कसं बनवणार?"

बाईंनी पेन ड्राइव्ह घेतला. दिवसभर तो टेबलावर पडून होता. त्यांना तो बघायचा नव्हता असं नाही, फार फार बघायचा होता. तसं मूल आयुष्यात एकदा भेटतं, आणि त्याचा विचार कसा चालतो ते अक्षरशः डोळ्यांनी बघायला मिळणार होतं. दोनदा त्यांनी लॅपटॉप उघडला आणि दोनदा मिटला. संध्याकाळी पायांत चपला सरकवून त्या शाईच्या घरी गेल्या.

शाईची आई घरीच कपडे शिवायची. एकच खोली, खिडकीपाशी शिलाई मशीन, जमिनीवर कापडाच्या चिंध्या. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिनं मानेनंच बाईंना खुर्ची दाखवली. शाई कोपऱ्यात बटणं निवडत बसली होती.

बाईंनी सगळं सांगितलं. यात काय आहे, कुणी केलं, ते मोठ्या बाईंना दाखवलं तर काय होईल. "पण तू हो म्हटलंस तरच," त्या म्हणाल्या.

शाईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही बघितलंत?"

"नाही."

"खरं?"

"खरं."

ती बराच वेळ बटणं बोटांनी ढकलत राहिली. मग म्हणाली, "नको, बाई."

आईनं घाईघाईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "अगं, वरच्या गटात घेतील तुला! वेडी आहेस का?"

"नको म्हणाले ना. कुणी बघत नाही म्हणून मी तसं केलं. ते माझं होतं."

आई बाईंकडे बघायला लागली, तुम्ही तरी समजवा अशा नजरेनं. बाईंना समजवता आलं असतं. एकवीस वर्षं त्या मुलांना समजावतच होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. नाही दाखवणार."

यादी बदलली नाही. शाई पायाभूत गटात गेली. बाईंनी अर्ज करून तोच गट मागून घेतला. तो ज्या सरांकडे जाणार होता त्यांना नकोच होता, त्यांनी आनंदानं सोडला, आणि मोठ्या बाईंनीही ताबडतोब सही केली. कॉम्प्युटरची खोली पुढच्या गटाला मिळाली. तिथून आता तास चालू असताना तारे उडल्याचे आणि टुंग वाजल्याचे आवाज येतात.

पायाभूत गट व्हरांड्यात शिकतो. तिथं चौकोनी फरशी आहे, तिच्या सांध्यांच्या रेषा समांतर. बाईंनी रुंद इलॅस्टिकचं एक मोठं वेटोळं आणलं. दोन मुलं त्यात पाय रोवून पाया धरतात, तिसरं ते ताणून समोरच्या सांध्यावरून चालत जातं, आणि त्रिकोण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कलतो. बाकीचे फरश्या मोजत कागदावर क्षेत्रफळ काढतात. मोजण्यात भांडणं होतात, हिशेब चुकतात, ते सगळ्यांना दिसतंच. तिथं लपवायला जागाच नाही. बाईही आता कुणाला दिसत नाही असं काही म्हणत नाहीत. शाई रेषेवरून चालायला अजून पुढे येत नाही. पाया धरायला सांगितलं तर धरते. प्रश्न मात्र यादी लागल्यापासून तिनं वर्गात एकही विचारलेला नाही.

पेन ड्राइव्ह बाईंनी बच्चूला परत केला. तो म्हणाला, "बघितलंस ना? कशी आहे पोरगी?"

"नाही बघितलं."

"एकदाही?" तो हसला. "जाऊ दे ताई, मला तरी नको सांगूस. माझ्याशी कसली लपवाछपवी?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा खरंच विश्वास बसत नव्हता. हातात असलेली गोष्ट कुणी न बघता ठेवू शकतं, हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं, आणि त्याला बाराखडीपासून सगळं शिकवलं होतं ते बाईंनीच. ऑफिसात जे ऐकलं होतं त्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं.

तो आता जेवायला येत नाही. आठवड्यातून एकदा फोन करतो. आईचं औषध, तिचे गुडघे, घराच्या गळक्या नळाची दुरुस्ती, एवढं बोलणं होतं. फोन ठेवताना तो दर वेळी विचारतो, "येऊ का गं या रविवारी?"

बाई म्हणतात, "बघू."